तिसरी हाक

मुलचेऱ्याच्या आश्रमशाळेत पूरबचावाचं शिबिर लागलं होतं. दुसरा दिवस. तलावात रबरी बोट ओढून ओढून पोरापोरींचे खांदे भरून आले होते, आणि रात्री सव्वानऊला जी लाइट गेली ती काही परत येईना. व्हरांड्यात एकच टॉर्च उभा करून ठेवला होता. खुंट्यांवर नारिंगी जॅकेटं ओळीनं टांगलेली, त्यांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. टप्... टप्... दिव्यानीला तो आवाज मघापासून नकोसा झाला होता. नागभीडच्या कॉलेजातून ती स्वतःहून आली होती, आणि आल्यापासून आपण कशाला आलो याचाच विचार करत होती.

शिकवायला होते सोमाजीभाऊ. टेरिटोरियल आर्मीत वीस वर्षं काढलेले. ही फौज निराळी. वर्षातले दोन महिने वर्दी, बाकीचे दहा महिने ज्याचं त्याचं काम. संकट आलं की बोलावणं येतं, मग हातातलं टाकून निघायचं. भाऊ आता निवृत्त झाले होते. केस पांढरे, पण आवाज अजून परेडच्या मैदानावरचा.

त्या आवाजात त्यांनी दुपारी दिव्यानीला झापलं होतं. सराव चालला होता. पुरात अडकलेल्या माणसाला हाक मारायची, इंजिन बंद करायचं, कान द्यायचा. दिव्यानीनं दोनदा हाक मारली आणि बोट वळवा म्हणून हात केला.

"दोनदाच? काऊन?"

"भाऊ, माणूस असता तर ओ दिली असती ना..."

"तीन!" भाऊ एवढ्या जोरात ओरडले, की तिच्या हातून दोरच सुटला. "तीन म्हणजे तीन. घसा फाटला तरी तीन."

दिवसभरात ते तेवढ्या एकाच वेळी चिडले. म्हणून आता, अंधारात, तिनं भीत भीत विचारलं, "भाऊ, तीनच का?"

"चौथी मारली त पगार कापन सरकार," प्रणित म्हणाला. हा गडी तळोधीचा, जीभ कायम सुटलेली. पोरं हसली. भाऊ हसले नाहीत.

त्यांनी बिडी काढली. पेटवली नाही, नुसती हातात धरली.

"माह्या ओळखीतल्या एका पोराची गोष्ट हाय. आदेश त्याचं नाव. झोपाच्या आधी आयकाची नाई खरं म्हणजे. पण लाइट बी नाई, झोप बी नाई... आयका."

*

तीन वर्षांमागची गोष्ट. पोळ्याचा आदला दिवस.

आदेश नागभीडजवळच्या राइस मिलवर मशीन चालवायचा. त्या सकाळी मिलचा पट्टा तुटला, म्हणून नवा आणायला तो वडशाला गेला. दुकानदार पट्टा गुंडाळत होता, आदेश चहा पीत होता, आणि फोन वाजला. फौजेचं बोलावणं. समुद्रात उठलेलं वादळ आंध्राच्या किनाऱ्यावर आदळलं, तेलंगणात दमलं, आणि उरलंसुरलं सगळं पाणी त्यानं आणून इकडे ओतलं होतं. नद्या फुगल्या. नाल्यांना नदीचा दाब आला आणि पाणी उलटं गावांत शिरलं.

"मिलवाल्याले सांगा, पट्टा घेऊन जा म्हणा," एवढं दुकानदाराला बोलून आदेश निघाला. दिवे लागायच्या आत तो वर्दीत होता.

बोटीत तिघं. पुढे टॉर्च घेऊन आदेश. मागे इंजिनावर मुश्ताक, ब्रम्हपुरीला पंपदुरुस्तीचं दुकान असलेला, तोही असाच बोलावून आणलेला. आणि मधे हवालदार, बोटीचा प्रमुख.

हवालदारानं निघताना हिशोब स्पष्ट सांगितला होता. बोट एक, पेट्रोलचे कॅन दोन, टोले म्हणजे वाड्या अकरा. "इंजन बंद कराचं. नाव घेऊन दोन हाका. मिनिटभर कान. आवाज नाई, त पुढं. एका घरापाशी रडत बसलो त बाकीचे बुडतीन."

त्यात चूक काहीच नव्हतं. आदेशालाही ते पटलं होतं.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी ते मोहाटोल्याला पोचले. आठ घरांचा टोला. एक सोडून सगळी माणसं दुपारीच ट्रॅक्टरनं निघून गेली होती. कोतवालानं दिलेल्या कागदावर या टोल्यापुढे एकच नाव होतं. शकुबाई. वय सत्तर.

पाणी छपरांच्या कडेला लागलेलं. टॉर्चच्या उजेडात कवेलू चकाकत होते. शेवटच्या घराला माळा होता, त्याच्या भिंतीत हातभर खिडकी. मुश्ताकनं इंजिन बंद केलं.

"शकुबाई ओऽऽऽ!"

बेडूकसुद्धा ओरडत नव्हते.

"शकुबाई ओऽऽऽ! बोट आली, बाई!"

मिनिटभर तिघंही गप्प. आदेशाला वाटलं, आत कोणीतरी आहे. आवाज नव्हता, हालचाल नव्हती. पण एखाद्यानं श्वास धरून ठेवावा, तसं काहीतरी त्या खिडकीपाशी होतं. तिसरी हाक त्याच्या गळ्यापर्यंत आली. त्यानं तोंड उघडलंसुद्धा.

तेवढ्यात लांबून आरडाओरडा ऐकू आला. पुढच्या टोल्यातली माणसं. बायका, लेकरं. हवालदारानं बोटीच्या कडेवर थाप मारली. "चल."

इंजिन सुरू झालं. आदेशानं तोंड मिटलं.

पुढच्या टोल्यावर शाळेच्या गच्चीवरून त्यांनी चौदा जणांना उतरवलं. सगळे जिवंत. पहाटे लोकांनी त्यांच्या पाठी थोपटल्या, चहा पाजला. आदेशालाही बरं वाटलं. वाटणारच.

*

"मंग?" प्रणितनं विचारलं. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

"मंग सकाळ झाली," भाऊ म्हणाले.

*

पूरग्रस्तांना एका शाळेत ठेवलं होतं. आदेश तिथं बिस्किटांचे पुडे वाटत होता. एक बाई रांगेत उभी न राहता सरळ त्याच्यापाशी आली. केस मोकळे, पायात चप्पल नाही. कडेवरचं लेकरू झोपलेलं.

"भाऊ, मोहाटोल्याले रातच्यानं तुमीच गेलते काय?"

"हो, बाई."

"मी नीलाबाई. शकुबाई माही सासू. कुठी हाय थे? दवाखान्यात नेली काय?"

आदेशाच्या हातातला पुडा हातातच राहिला. "बाई... तिथी कोणी नव्हतं. आम्ही हाक मारली."

"नव्हतं कसं? ट्रॅक्टरमंधी जागा नव्हती, म्हून थेच मागं राह्यली. लेकरं ने म्हणे, मी दुसऱ्या खेपेले येतो. ट्रॅक्टर परत जाऊच नाई शकला. मी फोन लावला तिले. माळ्यावर बसली होती. मी बोलली, बोट येईन, नाव घेऊन हाक देतीन, ओ देजो." नीलाबाई थांबली. मग हळूच म्हणाली, "किती डाव हाक मारली, भाऊ?"

"...दोनदा."

नीलाबाईनं लेकराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"थे तिसऱ्या हाकेबिगर ओ नाई देत. रातच्या टायमाले तर नाईच. फोनवर बी तेच म्हणली मले. तिसऱ्या हाकेले देईन, म्हणे."

*

व्हरांड्यात दिव्यानीनं गुडघे पोटाशी घेतले. कारण तिच्या घरी तेच होतं. रात्री बाहेरून कोणी नाव घेतलं तर लगेच ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारेल. ते... दोनदाच मारतं. आई आजही बजावते. दिव्यानी आजही पाळते.

"तुमच्या घरी काय शिकवते?" भाऊंनी विचारलं.

सगळ्यांच्याच घरी तेच शिकवत होते.

"आदेशच्या बी घरी तेच. हवालदाराच्या बी घरी तेच. इथलेच होते ना दोघं! पण वर्दी अंगावर घातली, अन् दोघंबी इसरले. का म्हणून इसरले, थे मले इचारू नका."

*

दिवसभर धार एवढी होती की मोहाटोल्याकडे बोट घालता आली नाही. आदेशानं हवालदाराला चार वेळा विचारलं. हवालदार प्रत्येक वेळी पाण्याकडे बघायचा. रात्री उशिरा धार जरा मंदावली, तशी पाचव्यांदा विचारायची वेळ आली नाही. हवालदार स्वतःच म्हणाला, "कॅन घे."

आदेशानं दोन जॅकेटं जास्तीची घेतली. त्यांतलं एक त्यानं बोटीच्या मधल्या बसायच्या पाटीवर उलगडून ठेवलं. शकुबाईसाठी. आली की लगेच घालता यावं म्हणून.

पोळ्याची रात्र. अमावस्या. त्या वर्षी कोणी बैल सजवले नव्हते. अर्धे बैल पाण्यासोबत गेले होते.

एक वाजून चाळीस मिनिटं. पाऊस थांबलेला. पाण्यावर धुकं बसलेलं, गुडघ्याएवढं.

मोहाटोला आला. कालची आठ छपरं आज तीनच होती. माळ्याचं घर एका बाजूला कललं होतं. एका बाजूची मातीची भिंत विरघळून गेलेली. खिडकी पाण्याखाली.

मुश्ताकनं इंजिन बंद केलं.

"शकुबाई ओऽऽऽ!"

काही नाही.

"शकुबाई ओऽऽऽ!"

काही नाही. आदेशानं मागे वळून पाहिलं. हवालदार मान खाली घालून बसला होता. त्यानं थाप मारली नाही.

आदेशानं छाती भरून घेतली.

"शकुबाईऽऽऽ ओऽऽऽ!"

आणि...

"ओ."

म्हाताऱ्या बाईचा आवाज. बारीक, पण स्वच्छ. घराकडून नाही. पार दुसरीकडून, जंगलाच्या कडेनं.

"बुढीच हाय!" मुश्ताक जवळजवळ ओरडला. "वाहत गेली असन. झाडाले धरून असन. या अल्लाह, जिती हाय!"

आदेशाच्या डोळ्यांत पाणी आलं. जिवंत आहे. आपण तिला मारलं नाही. त्या क्षणी जगात त्याला दुसरं काही नको होतं.

बोट तिकडे वळली. पाच मिनिटं गेली. झाडं सुरू झाली, नुसते शेंडे पाण्यावर. मुश्ताकनं इंजिन बंद केलं.

एक हाक. शांत.

दुसरी हाक. शांत.

तिसरी.

"ओ."

पुढे. तेवढ्याच अंतरावर.

परत इंजिन. परत पाच मिनिटं. परत एक, दोन... तीन.

"ओ."

तेवढ्याच अंतरावर.

मुश्ताकचे ओठ नुसते हलत होते. हवालदार म्हणाला, "आदेश. पेट्रोल अर्ध्यावर आलं. झाडाले धरलेली बुढी एवढी पुढं पुढं कशी जाईन? हे... हे बरोबर नाई. परत फिरू."

"नाई."

"आदेश, मी सांगून राह्यलो ना..."

"काल तुमचं आयकलं, भाऊ."

एवढंच. हवालदारानं मुश्ताकला पुढे चल म्हणून हात केला.

चौथ्यांदा इंजिन बंद केलं तेव्हा धुकं छातीपर्यंत आलं होतं. आदेशाला स्वतःचे हात दिसत नव्हते. त्यानं तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेनंतर तो थांबला.

ओ आली नाही.

खूप वेळ आली नाही.

मग वर कुठेतरी लेकरू रडलं.

टॉर्च वर गेला. मोहाचं झाड. दोन फांद्यांच्या बेचक्यात एक तरुण बाई बसलेली. वर्षभराचं लेकरू लुगड्यानं छातीशी बांधलेलं. ओठ काळेनिळे. डोळे उघडे. तिचं नाव कोतवालाच्या कागदावर नव्हतं. कोणाच्याच कागदावर नव्हतं. ती सुकरी. वरच्या अंगाला शेतातल्या झोपडीत राहणारी. झोपडी गेली तेव्हापासून झाडावर. दोन रात्री.

तिला खाली घेतलं. जास्तीच्या जॅकेटांतलं एक अंगात घातलं, लेकरू घोंगडीत गुंडाळलं. हवालदारानं थर्मासातला चहा तिच्या ओठांना लावला. आदेश मात्र इकडेतिकडे टॉर्च फिरवत होता.

"बाई, तू ओ देत होती काय?"

सुकरीनं मान हलवली. नाही. तिनं घशाला हात लावला. तिचा आवाज काल सकाळीच बसला होता.

"मंग कोण? बुढी कुठी हाय? इथीच जवळ हाय थे. तू आयकली असशीन ना?"

सुकरी त्याच्याकडे बघत राहिली. हा माणूस असं का विचारतो, हे तिला कळेना. मग ती कुजबुजली. एकेक शब्द ओढून काढावा तशी.

"थे बुढी... तुमच्याच बोटीत त होती. मधात बसून. तू हाक मारे... अन् थे ओ दे."

मुश्ताकच्या हातातून इंजिनाची दोरी सुटली.

आदेशानं टॉर्च खाली आणला. हळू. अगदी हळू.

मधली पाटी. हवालदार पुढच्या बाजूला सरकून बसला होता. केव्हा सरकला, हे त्याचं त्यालाही आठवेना. पाटीवर कोणी नव्हतं.

नुसतं जॅकेट होतं.

आदेशानं उलगडून ठेवलेलं. ते आता उलगडलेलं नव्हतं. दोन्ही बाजू पुढे आणून मिटलेल्या, आत माणूस असावा तसं फुगलेलं. त्याला प्लास्टिकचा खटका असतो, दाबला की बसतो. तो तसाच लोंबत होता. जॅकेट बांधलं होतं झाडाच्या सालीनं. बिडीच्या तेंदूपत्त्याचा पुडा बांधतात ना, तशी बोटभर रुंदीची ओली साल. दोन वेढे, मधून काढलेली गाठ.

तिघांपैकी कोणीही ती बांधली नव्हती. बोटीत साल नव्हतीच.

परतीच्या वाटेवर त्या पाटीवर कोणी बसलं नाही. सुकरी तेवढी एकदा, झोपेत असल्यासारखी, त्या पाटीकडे बघून हसली.

*

"शकुबाई?" दिव्यानीनं विचारलं.

"चौथ्या दिवशी पाणी उतरलं. माळ्यावरच होती. खिडकीकडे तोंड करून बसलेली. डॉक्टर म्हणे, पयल्याच रातीले गेली. पाणी माळ्यावर चढलं, थ्या टायमाले." भाऊंनी बिडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "कमरेले सालीची जुडी खोचली होती. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडाले जाये ना. नीलाबाई म्हणे, हिनं मारलेली गाठ कोणाले सुटत नाई."

"म्हणजे ते पोचले, तेव्हा पहिल्या रात्री ती जिवंत होती?"

"होती. तिसऱ्या हाकेची वाट पाहत."

टप्... टप्... जॅकेटांतून पाणी पडत होतं.

"आणि आदेश?"

"मिलवर हाय. लगन झालं. पोरगी झाली, तिचं नाव शकू ठेवलं. पण फौजेतून नाव काढून घेतलं त्यानं. रातच्या टायमाले कोणाले हाक मारत नाई. शेजारच्या घरी निरोप द्याचा असला तरी चालत जाते."

मग प्रणितनं विचारलं, कोणीतरी विचारायलाच हवं होतं म्हणून.

"भाऊ, त्या हवालदाराचं काय झालं? दोनच हाका मारा म्हणणाऱ्याचं?"

भाऊंनी नजर खुंट्यांवरच्या जॅकेटांकडे वळवली.

दूर कुठेतरी एक कुत्रं भुंकलं, थांबलं.

दिव्यानीनं भाऊंच्या हातांकडे पाहिलं. बिडी चुरगाळली होती. तंबाखू मांडीवर सांडली होती. दुपारचं ते "तीन!" तिच्या कानात परत वाजलं, आणि तिला कळलं. इतरांनाही कळलं असावं. कोणीच मान वर केली नाही.

"चौदा माणसं वाचली थ्या राती," भाऊ म्हणाले. "मी रोज मोजतो. चौदाच भरतात."

ते उठले. भिंतीशी त्यांची ट्रंक होती. कुलूप काढलं. आतून त्यांनी एक जॅकेट काढलं, नारिंगी, खांद्यावर विटलेलं, आणि टॉर्चच्या उजेडात फरशीवर ठेवलं.

"फौजेनं हे रद्द केलं. खटका लागत नाई म्हणून. मी मागून घेतलं. गाठ मी सोडून पाहिली, मुश्ताकनं पाहिली, सुटली नाई. कातर नाई लावली. हिंमत नाई झाली."

जॅकेट मिटलेलंच होतं. पुढे सालीचे दोन वेढे, मधून काढलेली गाठ.

"तीन वरसं झाले," भाऊ म्हणाले. "तीन उन्हाळे गेले या ट्रंकेत."

दिव्यानीला हात लावायचा नव्हता. तरीही तिचा हात पुढे गेला. गाठीपाशी तिनं बोटाच्या टोकानं स्पर्श केला, आणि झटकन मागे घेतला.

साल हिरवी होती. ओली होती. मघाशीच झाडावरून सोलून आणावी, तशी.